बादलीवर धरलेला हात

आमच्या घरात घोटभर पाणीसुद्धा डोळे मिटल्याशिवाय पिता येत नसे. जेवणाआधीची प्रार्थना सगळ्याच ख्रिस्ती घरांत होते, त्यात नवल काही नाही; पण आमच्याकडे पाण्याचीही व्हायची. तांब्यावर उजवा हात आडवा धरायचा, डोळे मिटायचे, एक वाक्य पुटपुटायचं आणि मगच तांब्या तोंडाला लावायचा. "प्रभू, पाणी वाढणाऱ्या हाताचं बरं कर, आणि हे पाणी कुणाला बाधू देऊ नको. आमेन." शाळेतून तापून आलेली मी माठाकडे झेपावले की आई भाकरी थापता थापता, मागे वळूनही न बघता म्हणायची, "रुते, डोळं मिट आदी." तिला कसं कळायचं ते मला अजून समजलेलं नाही. भाकरीची थपथप, वडिलांच्या रेडिओची खरखर आणि पलीकडच्या एसटी डेपोतली घरघर, एवढ्या गोंगाटातून माझे चोरटे घोट तिला बरोबर ऐकू यायचे. वडील त्या डेपोतच मेकॅनिक होते. ग्रीसनं काळे झालेले हात फडक्याला पुसत ते आईला चिडवायचे, "अगं, देवाला बी जरा दम खाऊ दे. सकाळधरनं कितव्यांदा हाक मारलीस त्याला?" आणि चिडवून झालं की स्वतः तांब्यावर हात धरून तेच वाक्य म्हणायचे. मी एकदा आईला विचारलं होतं, पाणी आपलं आपणच घेतो, मग वाढणारा हात कुणाचा? आई म्हणाली, "तुझं आजोबा असं म्हनायचे, म्हनून आपन म्हनायचं." आजोबा मी पाळण्यात असतानाच गेले. त्यामुळे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

माझा स्वभाव मुळातच संशयी. आज पन्नाशीला आले तरी भाजीवाल्यानं तागडी उचलली की माझी नजर त्याच्या अंगठ्यावर जाते. माझी लेक म्हणते, "आई, तू स्वर्गात गेलीस तर देवाकडंसुद्धा आधी आधारकार्ड मागशील." ही गोष्ट घडली तेव्हा मी कॉलेजात होते आणि संशयाला नुकतं कुठं तरुणपण आलं होतं. एकदा मी आठवडाभर मुद्दाम डोळे न मिटता पाणी प्यायले. काय होतंय ते बघावं, म्हणून. साधं पोटसुद्धा दुखलं नाही. प्रार्थनेचा विषय मनातून तिथंच संपला. पण हात ऐकायला तयार नव्हता. पाणी दिसलं की तो आपला आडवा व्हायचाच.

अशी मी दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या तरुण संघात जायचे, कारण आई पाठवायची आणि शेवटी चहा-खारी मिळायची. चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही सहा-सात जण बसायचो. पेटीच्या दोन पट्ट्या वाजत नसत, त्यामुळे प्रत्येक गीतात त्याच ठिकाणी भोक पडायचं आणि आम्ही ते सवयीनं ओलांडायचो. मग साक्षीची वेळ यायची. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. मीना रडत रडत सांगायची. मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून साक्ष सुरू झाली की मी चहा बघून येते म्हणून उठायचे. आमचा पुढारी शमुवेलदादा. एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा, हातावर ठिणग्यांचे डाग, चेहरा सदा गंभीर. तो मला उठून जाताना बघायचा, पण कधी अडवायचा नाही. ज्या माणसाला आपलं गुपित कळलंय आणि तरी तो बोलत नाही, त्याचा मला फार संशय यायचा.

त्या वर्षी कृष्णेचा पूर घरांच्या माळ्यांपर्यंत चढला आणि उतरला. उतरल्यावर दादानं सांगितलं, पलूसकडच्या एका नदीकाठच्या गावात जायचं. नळयोजनेचा पंप पुरात गेलाय, सगळ्या गावाला आता जुन्या गावविहिरीचाच आधार, आणि ती गाळानं भरलीय. रोज सकाळी टेम्पोनं जायचं, गाळ काढायचा, संध्याकाळी परत. गावाचं नाव मी घरी जेवताना सांगितलं. वडिलांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "जा. पन तिथं आजाचं नाव काढू नको." हे आजोबांचं गाव होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गावात त्यांना गणपा तराळ म्हणायचे. तराळ म्हणजे गावची सांगावे पोचवायची, राबायची कामं करणारा, वेशीबाहेर राहणारा महार. तरुणपणी ते गाव सोडून सांगलीला आले, इथं बाप्तिस्मा घेतला. मागं राहिलेली भावकी पुढं बौद्ध झाली. "का नाव काढायचं नाही?" मी विचारलं. वडील म्हणाले, "लोक पानी प्यायचं सोडतील, म्हनून." आणि हात धुवायला उठून गेले.

तेव्हा मी त्या गावात शिरले ती डोळ्यांत तेल घालूनच. ऊस चिखलानं आडवा पडला होता, भिंतींवर पाण्याच्या रेघा होत्या, आणि सगळीकडे कुजलेल्या ज्वारीचा आंबूस वास. विहिरीच्या कट्ट्यापासून जरा अंतरावर लोखंडी खुर्ची टाकून एक म्हातारा बसलेला. पांढऱ्या मिशा, डोक्यावर फौजेतली टोपी. त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. नाव काय ते मी कधीच विचारलं नाही. त्यांनी आम्हाला पहिलाच प्रश्न केला, "कुनी पाठवलं तुमाला?" दादा म्हणाला, "कुनी न्हाई. चर्चचा तरुण संघ हाय आमचा." सुभेदार म्हणाले, "हं." एवढंच. पण त्या दिवसापासून खुर्ची हलली नाही. भाड्यानं आणलेल्या पंपानं पाणी उपसताना, टोपल्यांनी गाळ वर ओढताना, पायांना चिखल्या होऊन आम्ही लंगडायला लागलो तरी ते बघतच होते. मीही त्यांच्याकडे बघत होते. आमचा जेवणाचा आसरा म्हणजे त्यांची भावजय, हौसाक्का. ती विहिरीसमोरच्या शाळेच्या व्हरांड्यात राहत होती, कारण घराची मागची भिंत खचली होती. मोडक्या स्टोव्हवर ती आम्हाला चहा करून द्यायची. आम्हाला प्लास्टिकच्या कपात, सुभेदारांना स्टीलच्या पेल्यात. मी ते बरोबर टिपून ठेवलं. आजोबांचं नाव न काढताही यांना कळलं होतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चर्चमधल्या जुन्या माणसांकडून ऐकून दादाच बोलला असणार. तसाही तो रोज एक गच्च भरलेली पिशवी आणायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्यात वाटायच्या पत्रिका असणार, आणि एक दिवस हा आपल्या सगळ्यांना मार खायला लावणार, याबद्दल माझी खात्री होती.

चौथ्या दिवशी दुपारी विहीर स्वच्छ झाली आणि तळाच्या झऱ्यांतून निवळशंख पाणी भरायला लागलं. पुढच्या सकाळपर्यंत चांगलं पुरुषभर चढलं. आता राहिली होती फक्त पाणी शुद्ध करायची टीसीएलची पावडर. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. दादानं सकाळीच बजावलं होतं, "विहिरीवर कुनी मोठ्यानं प्रार्थना करायची न्हाई. लोक बिचकतात. मनात करा." मला हसू आलं होतं. मला कशाला सांगतोय, मी तर मनातही करत नाही. पावडर कालवायचं काम माझ्याकडे आलं. बादली निवळली. मी ती उचलून कट्ट्यावर ठेवली, आणि पाणी दिसलं तसा माझा उजवा हात बादलीवर आडवा झाला. डोळे मिटले. वाक्य तोंडातून पुटपुटून गेलं. डोळे उघडून वरचं निवळ पाणी विहिरीत सोडताना मला काही विशेष झाल्याचं जाणवलंही नाही. जाणवलं ते समोर बघितल्यावर. खुर्चीवरचा म्हातारा उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरलो तेव्हा विहिरीवर एकही घागर नव्हती. कप्पीवरचा दोर काल आम्ही गुंडाळून ठेवला होता तसाच होता. बायका ओढ्याकडून येत होत्या, डोक्यावर भरलेल्या घागरी. आणि त्या ओढ्यात वरच्या अंगाला मेलेली जनावरं अडकलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. हौसाक्काची नात चिमी, तीन वर्षांची पोर, व्हरांड्यात गोधडीवर पडून होती. रात्रीपासून जुलाब. ओठ सुकून पांढरे पडलेले. हौसाक्का माझ्याकडे न बघता दादाला म्हणाली, "पोरीनं पानी मंतरलं म्हनत्यात. जो पिईल त्यो तुमच्यात येनार म्हनत्यात." दादानं डोक्याला हात लावला. मीना रडायला लागली. मी मात्र रागानं लाल झाले होते. मंतर बिंतर सगळं खोटं, मला वाटलं. यांना तराळाच्या नातीच्या हातचं पाणी नकोय, एवढं सरळ आहे. तसं वाटून घेणं फार सोयीचं होतं, कारण मग चूक माझी राहत नव्हती.

सुभेदारांनी सगळ्यांना विहिरीजवळ बोलावलं. चाळीस-पन्नास माणसं जमली. त्यांनी आधी आमच्या पिशव्या कट्ट्यावर ओतायला लावल्या. दादाची पिशवी ओतली तेव्हा मी मान पुढं काढून बघितलं. आतून पत्रिका निघाल्याच नाहीत. जुलाबावरची मीठ-साखरेची पाकिटं निघाली, चिखल्यांच्या मलमाच्या सहा डब्या निघाल्या, आमच्या प्रत्येकाच्या नावानं एकेक. गीतांचं पुस्तक निघालं आणि त्यात घडी केलेला एक कागद. सुभेदारांनी चष्मा चढवला आणि परेडवर हुकूम वाचावा तसा तो कागद मोठ्यानं वाचला. "शमुवेल, राग. मीना, आईचं आप्रेशन. डॅनियल, नोकरी. रूथ, संशय." त्यांनी वर बघितलं. "ह्यो कसला कोड हाय? कुनाचा संशय? कोन रूथ?"

दादा पुढं झाला. "कोड न्हाई, सुभेदारसाहेब. ज्याची जी अडचन हाय ती लिवलीया. रोज त्यासाठी प्रार्थना करतो. आनि काल जे झालं त्याची जबाबदारी माजी हाय, तिची न्हाई." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. या माणसाला माझा संशय माहीत होता, त्यानं तो कुणाला सांगितला नव्हता, नुसता कागदावर लिहून रोज देवापुढं ठेवला होता. आणि मी त्याच्या पिशवीत चोरीचा माल शोधत होते. मी म्हणाले, "मी रूथ."

"तूच न्हवं का बादलीवर हात धरून पुटपुटलीस? काय म्हनालीस? खरं सांग."

खोटं सांगणं अगदी सोपं होतं. गाणं गुणगुणत होते म्हणाले असते तर निम्म्या लोकांना ते पटलं असतं. पण मी व्हरांड्याकडे बघितलं. तिथं हौसाक्का चिमीला पदरानं वारा घालत होती, आणि तिच्याशेजारी ओढ्याच्या पाण्याची घागर होती. या विहिरीवर गावाचा भरवसा बसला नाही तर पोरीला पाजायला तेवढंच पाणी. खोटं धरलं गेलं तर भरवसा कायमचा जाणार, आणि माझं खोटं चेहऱ्यावर दिसतं हे मला आईनं लहानपणीच सांगितलं होतं. मी घरचं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं. "प्रभू, पाणी वाढणाऱ्या हाताचं बरं कर, आणि हे पाणी कुणाला बाधू देऊ नको." मग म्हणाले, "एवढंच. मंतर न्हाई. आमच्या घरात सगळेच म्हनतात. मी तर विश्वास ठेवून म्हटलंसुद्धा न्हाई, सवयीनं हात गेला. माझ्या आजोबांची चाल हाय. ते ह्याच गावचे. गणपा तराळ."

बोलून गेल्यावर वडिलांची आठवण झाली. लोकांत कुजबुज सुटली. मागून एक जण म्हणाला, "बघा, म्हनलं नव्हतं!" काय म्हटलं होतं ते काही त्यानं सांगितलं नाही. सुभेदार कट्ट्याच्या खालच्या बाजूला, जिथं एक झिजलेला दगड होता, तिथं जाऊन उभे राहिले.

"हितं उभा ऱ्हायचा गणपा," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, ते कळेना. "आमी पोरं होतो. त्याला कट्ट्यावर यायची परवानगी न्हवती. कोन बाई पानी वाढंल त्याची वाट बघायचा. डोळं मिटून. कवा कवा दुपार व्हायची. माजी आई वरनं त्याच्या ओंजळीत वतायची. पिऊन झालं की म्हनायचा, आक्का, तुज्या हाताचं बरं होऊ दे."

इतकी वर्षं मी ते वाक्य म्हणत आले होते. ते कुठं जन्मलं ते मला त्या दगडापाशी कळलं, आणि मला रडू फुटलं. रागाचंही होतं त्यात. या लोकांनी वाट बघायला लावली, आणि आजोबा सांगलीत जाऊन, स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं पाणी पितानाही त्यांचं बरं मागत राहिले, रोज, आणि आम्हाला मागायला लावलं. हे थोरपण होतं की काय होतं? मला ते तेव्हा सहन झालं नाही. खरं सांगायचं तर अजूनही सगळं झालेलं नाही.

सुभेदारांनी हौसाक्काला हाक मारली, "पेला आन." तिनं तो स्टीलचा पेला आणला आणि माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "ह्यो एवढाच ऱ्हायलाय बाई पुरातनं. बाकीची भांडी गेली वाहून." दादानं पोहरा सोडला, भरून ओढला, कट्ट्यावर ठेवला. मी पेला बुडवून भरला आणि सुभेदारांपुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. ते त्या झिजलेल्या दगडावर उभे राहिले, टोपी काढून काखेत धरली, वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ केली.

"वत," ते म्हणाले.

त्यांनी हे का केलं याचा मी पुढं वर्षानुवर्षं विचार केला. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, फौजेत लंगरचं जेवण जवानांना वाढण्याआधी सुभेदार चाखतो, तसं चाखलं असेल; लय हुरळू नको. आईला ती माफी वाटली. मी दोघांचंही ऐकलं आणि कुणावरच पुरता विश्वास ठेवला नाही. सुभेदार आता नाहीत, त्यामुळे विचारायलाही जागा उरली नाही. त्यांनी पाण्याची परीक्षा घेतली की गावानं ज्याला ताटकळत ठेवलं त्याची माफी मागितली, की आधी एक आणि मग दुसरं, कोण जाणे.

मी पेला तिरका केला. त्या क्षणी मला डोळे मिटावेत असं फार वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. पण धार बारीक होती, म्हाताऱ्याच्या हातांना कंप होता, आणि आजूबाजूला सगळा गाव माझ्या ओठांकडे बघत होता. मी ओठ घट्ट धरले. सुभेदार प्यायले, मिशा पुसल्या, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पावडरीचा वास येतुया. दुसरं काय न्हाई. भरा घागरी." कुणी हललं नाही. हौसाक्का तेवढी पुढं आली, व्हरांड्यातली घागर तिनं चिखलात उपडी केली आणि चिमीसाठी भरायला माझ्यापुढं ठेवली. मी पोहरा उचलला. सांडू नये म्हणून नजर धारेवर ठेवली आणि डोळे उघडे ठेवूनच, घागर काठोकाठ भरेपर्यंत, मनात म्हणत राहिले: हिला बाधू देऊ नको. हिला बाधू देऊ नको.